विंडोजसकट जुनी हार्ड डिस्क एसएसडीवर कशी उतरवावी

कॉम्प्युटर सुरू व्हायला तीन मिनिटं लागतात, साधी फाइल उघडतानाही गोल चक्र फिरत राहतं. अशा वेळी प्रोसेसरला दोष देण्याआधी आत फिरती हार्ड डिस्क आहे का ते बघा. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात, हेड सरकायचा वेळ त्याहून वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचते आणि प्रत्येक फाइलीसाठी हा वेळ मोजावा लागतो. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे ही वाट बघणं संपतं.

विंडोज नव्याने टाकायची गरज नाही. आहे ती डिस्क प्रोग्रॅम, पासवर्ड, सेटिंगसकट नव्या एसएसडीवर उतरवता येते. याला क्लोनिंग म्हणतात. कॉपी करण्याचं काम सॉफ्टवेअर चोख करतं. गडबड होते ती आधीच्या तयारीत आणि नंतरच्या पहिल्या स्टार्टला, म्हणून तिथे घाई करू नका.

आधी खरेदी

मदरबोर्डवर कोणती जागा आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (जोडणीची जुनी पद्धत) एसएसडी लागते. ती ७ मिलिमीटर जाड असते. जुन्या डिस्कचा कप्पा साडेनऊ मिलिमीटरचा असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावा, नाहीतर ड्राइव्ह आत हलते. एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या चपट्या एसएसडीची जागा) असेल तर जास्त जपून. दिसायला सारखे असले तरी काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई (साटाहून वेगवान, नवी जोडणी). लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. लॅपटॉपमध्ये २२३० किंवा २२४२ एवढीच जागा असू शकते.

क्षमता जुन्या डिस्कएवढी किंवा जास्तच घ्या. ५०० जीबीची डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर उतरवायला गेलात तर आत निम्मीच जागा भरलेली असली तरी क्लोनझिला (आपण पुढे वापरणार आहोत ते क्लोनिंग सॉफ्टवेअर) नेहमीच्या पद्धतीत नकार देतं, कारण ते अख्ख्या डिस्कचा आकार बघतं.

सोबत यूएसबी ३.० चा साटा अडॅप्टर घ्या, एनव्हीएमई असेल तर तिची केस. ३०० जीबी डेटा सेकंदाला १०० एमबीने साधारण ५० मिनिटांत उतरतो. तोच यूएसबी २.० वर, ३५ एमबीने, दोन तास वीस मिनिटांपेक्षा जास्त घेतो. शिवाय किमान ४ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह लागेल.

तयारी, जी बहुतेक जण टाळतात

१. महत्त्वाच्या फाइली तिसऱ्याच कुठल्यातरी डिस्कवर काढून ठेवा. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे.

२. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ०५, सी५ आणि सी६ या ओळींतले रॉ आकडे बघा. तिन्ही शून्य हवेत. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत राहिलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. तिथे आकडा दिसला तर क्लोन मध्येच थांबू शकतो, आणि डिस्क किती दिवस टिकेल याची खात्री नाही.

३. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद करण्याची विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंगमध्ये तपासा. बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या, मग एन्क्रिप्शन बंद करून डिस्कचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत (डिक्रिप्ट होईपर्यंत) थांबा. लॉक असलेलं पार्टिशन (डिस्कचा विभाग) क्लोनझिलाला आतून कळत नाही. ते रिकाम्या जागेसकट सगळं उचलतं आणि पार्टिशन वाढवताही येत नाही.

४. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज अर्धी झोपलेलीच असते आणि तिचं पार्टिशन उघडं राहतं. क्लोनझिला ते बघून थांबतं.

५. सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज, टूल्समधून एरर चेकिंग चालवा.

६. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्समध्ये ‘एमबीआर’ दिसतं की ‘जीपीटी’ ते बघा. पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या या जुन्या आणि नव्या पद्धती. एमबीआर डिस्कची कॉपी एनव्हीएमईवरून सहसा सुरू होत नाही, कारण तिथून बूट व्हायला यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) लागतं. साटा एसएसडीला ही अडचण नाही.

७. साटावरून एनव्हीएमईवर जात असाल तर सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये बूट टॅबवर ‘सेफ बूट’ टिक करून मगच बंद करा. याचं कारण पुढे येतं.

प्रत्यक्ष क्लोनिंग

विंडोजच्या आतून चालणारी क्लोनिंग सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, पण विंडोज पूर्ण बंद असताना कॉपी होणं जास्त भरवशाचं. क्लोनझिला मोफत आहे. दिसायला रुक्ष वाटतं, पण काम चोख करतं. पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय (पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करू देणारं साधन) बसवा (त्यावरचं सगळं पुसलं जाईल) आणि क्लोनझिलाची आयएसओ फाइल त्यावर नुसती कॉपी करा. एसएसडी यूएसबीला जोडा, लॅपटॉपला चार्जर लावा, पेन ड्राइव्हवरून सुरू करा. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून सुरू होऊ न देणारं संरक्षण) अडवत असेल तर तेवढ्यापुरतं बायॉसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमधून, बंद करा.

मेनूत क्रमाने डिव्हाइस-डिव्हाइस, बिगिनर, डिस्क टू लोकल डिस्क निवडा. आता पहिली यादी सोर्सची (जुन्या डिस्कची) येते, दुसरी टार्गेटची (नव्या एसएसडीची). इथे हात कीबोर्डवरून काढा. जे टार्गेट निवडाल ते कायमचं पुसलं जाणार आहे. एसडीए, एसडीबी, एनव्हीएमई० अशा नावांवर विसंबू नका, कारण ती जोडणीच्या क्रमाने बदलतात. प्रत्येक ओळीत मॉडेल आणि क्षमता दिलेली असते. ती एसएसडीच्या लेबलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दोन्ही डिस्क एकाच क्षमतेच्या असतील तर मॉडेल हीच एकमेव खूण.

पुढे पार्टिशन टेबलबद्दल विचारतं. एसएसडी मोठी असेल तर ‘के१’ घ्या. पार्टिशन त्या प्रमाणात वाढतात. ‘के०’ घेतलं तर जास्तीची जागा शेवटी रिकामी पडते, आणि सी ड्राइव्हच्या लगेच मागे रिकव्हरी पार्टिशन असल्यामुळे डिस्क मॅनेजमेंटमधून ती सीला जोडता येत नाही. खात्रीचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतील. तेही नीट वाचा.

बसवणं आणि पहिली सुरुवात

मशीन बंद करा, चार्जर काढा, शक्य असेल तर बॅटरीची पिनही. एम.२ ड्राइव्ह साधारण ३० अंशांच्या कोनात सरकवा, सोनेरी पट्टी जवळजवळ पूर्ण आत गेली पाहिजे. मग दाबून छोटा स्क्रू लावा. तो हलकाच आवळा. हीटसिंकच्या पॅडवरची पातळ फिल्म काढायची राहून जाते, ती बघा.

पहिल्या वेळी जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका. क्लोनमुळे दोन्हींची ओळखसंख्या एकच झालेली असते आणि विंडोज गोंधळते. बायॉसमध्ये बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आणा.

‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन आली तर बहुधा विंडोजने एनव्हीएमईचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड केलेला नाही. आधी सेफ बूट टिक करून घेतलं ते यासाठीच. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की ड्रायव्हर जागेवर बसतो. मग टिक काढून रीस्टार्ट करा. बायॉसमधला साटा मोड (एएचसीआय किंवा रेड) मात्र या भानगडीत बदलू नका, त्यानेही हीच स्क्रीन येते.

सुरू झाल्यावर ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडा. ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेलं हवं, म्हणजे विंडोज डीफ्रॅगऐवजी ट्रिम करेल (कोणती जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवेल). १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसलं तर काही हरवलेलं नाही, विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजते. एन्क्रिप्शन आणि सिक्युअर बूट परत चालू करा.

जुनी डिस्क दोनेक आठवडे न पुसता बाजूला ठेवा. नंतर यूएसबीने जोडल्यावर ती ‘ऑफलाइन’ दिसली तर ते त्या समान ओळखसंख्येमुळे. ‘ऑनलाइन’ केलंत की विंडोज तिची ओळख बदलते आणि मग त्या डिस्कवरून कॉम्प्युटर कदाचित सुरू होणार नाही. म्हणून एसएसडीवर सगळं ठीक चालतंय याची खात्री झाल्यावरच ते बटण दाबा.