मॅक ॲड्रेस बदलायचा कसा, आणि त्याने नेमकं काय लपतं

लॅपटॉपचं वाय-फाय चालू असलं की तो कुठेही जोडलेला नसतानाही आसपास कोणती नेटवर्क आहेत ते विचारत राहतो. त्या प्रत्येक विचारणेसोबत वाय-फाय कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, हवेत जातो. तो कायम एकच राहिला, तर 'हाच लॅपटॉप काल सकाळीही इथे होता' हे नावगाव न कळताही कळतं. लंडनच्या आर्थिक भागात २०१३ साली कचऱ्याच्या डब्यांमध्ये बसवलेली यंत्रं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनचे असेच क्रमांक टिपत होती. गाजावाजा झाल्यावर तिथल्या नगर प्रशासनाने ते थांबवायला लावलं.

मॅक ॲड्रेस म्हणजे बारा अंक, दोन-दोनच्या सहा जोड्या. यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढीच चिन्हं चालतात. पहिल्या तीन जोड्यांवरून कार्ड कोणत्या कंपनीचं ते ओळखता येतं. (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही. नावं सारखी, एवढंच.)

विंडोज ११ मध्ये आधी मूळ क्रमांक लिहून ठेवा: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग हार्डवेअर प्रॉपर्टीज. 'फिजिकल ॲड्रेस' या ओळीत तो दिसतो. पुढे ताडून बघायला लागेल.

आता मागे येऊन त्याच वाय-फायच्या पानावर 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' हे बटण चालू करा. यामुळे नेटवर्क शोधताना आणि नव्या नेटवर्कला जोडताना बनावट क्रमांक वापरला जातो. ज्या नेटवर्कला तुम्ही आधीच जोडलेले आहात, ते 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये जाऊन उघडा आणि तिथली निवड वेगळी करा. तिथे 'चेंज डेली' असाही पर्याय असतो. नुसतं 'ऑन' ठेवलं तर त्या एका नेटवर्कपुरता क्रमांक तोच राहतो, म्हणजे नेहमीच्या कॅफेला तुम्ही परत आलात हे कळतंच. दुसऱ्या ठिकाणच्या नोंदींशी मात्र ते जुळवता येत नाही. रोज बसायच्या सार्वजनिक जागेसाठी 'चेंज डेली' बरा. जोडणी तोडून पुन्हा जोडा आणि फिजिकल ॲड्रेस परत बघा. न बघता झालं असं समजू नका.

हे बटणच दिसत नसेल तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ही सोय देत नाही. मग डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॅप्टर्स, तुमचं कार्ड, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड असं जा. यादीत 'नेटवर्क ॲड्रेस' किंवा 'लोकली ॲडमिनिस्टर्ड ॲड्रेस' असेल तर 'व्हॅल्यू'मध्ये बारा अंक सलग टाका, मध्ये रेघ किंवा टिंब नको. इथेच बहुतेकांची गाडी अडते. दुसरा अंक २, ६, ए किंवा ई यांपैकीच हवा. हा क्रमांक कारखान्यातून आलेला नाही, जागेवर दिलेला आहे, हे त्या अंकातल्या एका बिटवरून ठरतं. आणि बरेच वाय-फाय ड्रायव्हर इतर काही टाकलं तर तक्रारही न करता जुनाच क्रमांक चालू ठेवतात. दुसऱ्या जागी विषम अंक तर कधीच नको, कारण तो क्रमांक एका यंत्राचा न राहता गटाचा ठरतो. शेजारच्या यंत्राचा क्रमांक उचलून टाकलात तर दोघांचंही नेट लटपटेल. मूळ क्रमांक परत हवा असेल तेव्हा 'नॉट प्रेझेंट' निवडा.

मॅकओएस १५ पासून वाय-फायच्या तपशिलात 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' आहे. सार्वजनिक ठिकाणी 'रोटेटिंग' (ठरावीक काळाने बदलणारा) निवडा. लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये त्या नेटवर्कच्या 'आयडेंटिटी' टॅबमधल्या 'क्लोन्ड ॲड्रेस'मध्ये 'रँडम' (दर जोडणीला नवा) किंवा 'स्टेबल' (त्या नेटवर्कपुरता तोच) मिळतं.

क्रमांक बदलूनही चुगली करणारी एक गोष्ट उरते: संगणकाचं नाव. नेटवर्कला जोडताना ते राउटरला सहसा आपोआप कळतं. आडनावासकट नाव ठेवलेला लॅपटॉप रोज नवा क्रमांक घेऊन आला तरी काय उपयोग? सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट, 'रिनेम धिस पीसी' इथे साधंसुधं नाव द्या आणि संगणक रीस्टार्ट करा. यादीतली जुनी लपवलेली (स्वतःचं नाव जाहीर न करणारी) नेटवर्कही पुसून टाका, कारण त्यांना शोधताना लॅपटॉप त्यांची नावं हवेत पुकारतो.

घरी आणि ऑफिसात मात्र हे क्रमांक बदलणं बंदच ठेवलेलं चांगलं. काही केबलवाले इंटरनेट जोडणी एकाच मॅक ॲड्रेसला बांधून देतात. तिथे लॅपटॉप थेट जोडलेला असेल तर क्रमांक बदलताच नेट बंद. राउटरमध्ये ठरावीक यंत्रांनाच परवानगी असेल किंवा लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवला असेल, तर तेही बिघडतं.

मॅक ॲड्रेस राउटरच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे वेबसाइटला तो तसाही दिसत नसतो. तिथे ओळख पटते ती कुकी आणि लॉगिनवरून. रेल्वे स्टेशनच्या वाय-फायवर मोबाइल नंबर देऊन ओटीपी टाकलात, की तुम्ही कोण हे तुम्हीच सांगितलंत. आणि फोनच्या आयएमईआयला, म्हणजे खुद्द फोनच्या ओळखक्रमांकाला, हात लावू नका. तो वेगळा क्रमांक आहे आणि भारतात त्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे.