कमरेचा नर्व्ह ब्लॉक ठरलाय? मग हे बघून ठेवा

जुन्या कंबरदुखीसाठी सी-आर्मखाली (एक्स-रेच्या मशीनवर बघत) ब्लॉक, म्हणजे नसेपाशी औषधाचं इंजेक्शन, सांगितलाय ना, तर पहिलं हे विचारून घ्या की तो टेस्ट म्हणून आहे की इलाज म्हणून, कारण अर्धी तयारी त्यावरच ठरते. मेडियल ब्रँच ब्लॉक असेल तर ती बहुतेक टेस्टच असते, मणक्याच्या सांध्याकडे जाणाऱ्या बारीक नसेपाशी भुलीचं औषध सोडून बघतात की दुखणं तिथूनच येतंय का, आणि एका सांध्याला दोन नसा असतात त्यामुळे सुया जास्त टोचल्या तर घाबरायचं नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन जे काय चालू असेल त्याची पाकिटंच पिशवीत टाका, पण आपल्या मनाने एकही बंद करू नका, स्टेंट असेल तर अजिबातच नाही, ते हार्टवाले आणि पेनवाले डॉक्टर आपसात ठरवतील. शुगर असेल तर स्टेरॉइड घालणार का विचारा, घातलं तर काही दिवस शुगर चढते. ताप किंवा टोचायच्या जागी फोड असेल तर सरळ फोन करून तारीख पुढे ढकला. दिवस गेल्याची शंका असेल किंवा डायची (एक्स-रेत दिसावं म्हणून टोचतात त्या औषधाची) ॲलर्जी असेल तर आधीच बोला, सी-आर्म म्हणजे शेवटी एक्स-रेच. पालथं झोपायला जमत नसेल तर तेही सांगा.

एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्मपण घ्या. चांदीचा करदोटा घरीच काढून ठेवा, एक्स-रेत मधेच दिसतो. उपाशी यायचं का ते विचारा, गुंगी देणार असतील तर साधारण सहा तास जेवण बंद असतं. मेडिक्लेम असेल तर डे-केअरचं प्रीऑथ, म्हणजे विमा कंपनीची आधीची मंजुरी, आदल्या दिवशीच बघा, सकाळी काउंटरवर वाद घालण्यात काय अर्थ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच सोडतात. टेस्ट असेल तर त्या सकाळी पेनकिलर घ्यायची का विचारा, बरेच डॉक्टर नको म्हणतात, कारण गोळीने बरं वाटलं की ब्लॉकने हे मग कळणार कसं? वही पेन घ्या, आधी दुखणं दहापैकी किती ते लिहा, नंतर दर अर्ध्या तासाने लिहीत राहा, आणि घरी जाऊन लोळू नका, ज्याने दुखतं तेच करून बघा, वाका, जिना चढा, मांडी घाला. भूल काही तासांत उतरते आणि दुखणं परत येतं, म्हणजे ब्लॉक फेल गेला असं नाही, मधल्या वेळात किती कमी झालं त्यावर पुढे आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे ती नस उष्णतेने बधिर करणं) करायचं का ते ठरतं.

पाय थोडा वेळ जड वाटू शकतो, म्हणून सोबत कोणीतरी हवंच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, स्कूटीपण नाही. निघताना रात्री उचलला जाणारा नंबर मागून घ्या, ताप आला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडकली तर सकाळची वाट बघायची नाही.