पावसाळ्याआधीची सूचना: राखणीची बंदूक खोळीत गंजते

शेतकरी बंधू-भगिनींनो, पाऊस तोंडावर आला आहे. बियाणं, खत, तणनाशक यांचे सल्ले तुम्हाला सगळीकडून मिळतील. ही सूचना एकाच कामाची आहे. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असेल, तर ती आजच खोळीतून बाहेर काढा. आणि पाऊस सुरू झाल्यावर भिजलेली बंदूक वरवर पुसून खोळीत सारू नका.

दुधात आलेला मका रानातल्या जनावरांनी एका रात्रीत आडवा केलेला मी पाहिला आहे. घरात बंदूक होती, काडतुसं होती, माणूसही जागा होता. पण बारा बोअरची बंदूक, जी काडतूस भरायला बिजागरीत मोडून उघडते, ती उघडेना. पंधरा दिवसांपूर्वी ती रिमझिमीत भिजली होती. धन्याने फडक्याने पुसली, वरून तेल फिरवलं, कॅनव्हासच्या खोळीत घातली आणि खुंटीला टांगली. सकाळी खोळ ओढून काढली तेव्हा नळीवर कापडाच्या विणीचा ठसा उठला होता, उभा-आडवा, तांबडा. बिजागरीतून गंजाचा चुरा पडत होता. लावलेलं तेल महागातलंच होतं, छोट्या बाटलीतलं. त्यात खोट नव्हती, पण ते पाण्यावर लावलं गेलं होतं. तेलाखाली पाणी अडकलं आणि खोळीने ते सुकू दिलं नाही.

चामड्याची खोळ तर आणखी वाईट. ती ओल धरतेच, शिवाय कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं नळीला लागतात. खोळ शेतापर्यंत नेण्या-आणण्यासाठी असते, ठेवण्यासाठी नाही. घरात बंदूक कुलपाच्या कपाटात खोळीविना ठेवा.

गंजाचं दुसरं कारण नळीच्या आत असतं आणि ते आपल्याला खताच्या पोत्यावरून लगेच समजेल. टोपी म्हणजे घोडा आपटल्यावर दारूला ठिणगी देणारी छोटी वाटी. जुन्या पद्धतीच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपलं म्युरेट ऑफ पोटॅशच. पोटॅशचं फोडलेलं पोतं पावसाळ्यात कसं ओलं होऊन गठ्ठा धरतं, तेच नळीत होतं. हवेतली आर्द्रता साधारण 84 टक्क्यांच्या वर गेली की हा क्षार हवेतलं पाणी ओढू लागतो, आणि झडीच्या दिवसांत ती त्याच्या वर सहज जाते. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीची काळी दारू याहून त्रासाची. तिचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावरही घन राखेच्या रूपात मागे राहतो आणि त्यात पोटॅशचेच क्षार असतात.

क्षार तेलात विरघळत नाहीत, रॉकेलमध्येही नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. म्हणून काळी दारू किंवा जुन्या टोप्या वापरल्या असतील, तर नळी दस्त्यापासून सोडवून आधी कढत पाण्याने धुवा. पाणी कढत हवं, म्हणजे नळी तापते आणि स्वतःच सुकते. मग कोरड्या चिंध्या, आणि तेल सगळ्यात शेवटी. पाण्याला घाबरून नुसतं तेल ओतणाऱ्यांच्याच नळ्या आतून खड्डे पडलेल्या निघतात. आजच्या धूरविरहित दारूच्या, बिनक्षारी टोपीच्या काडतुसांना पाण्याची गरज नाही, तिथे रॉकेल किंवा घाण विरघळवणारं साधं सॉल्व्हंट पुरतं.

आता तेल कोणतं घ्यावं? दुकानदार तीन बाटल्या पुढे ठेवेल: साफ करणारी, वंगणाची, गंजरोधक. बहुतेक घरांना एक शुद्ध, पातळ खनिज तेल आणि लांब मुक्कामासाठी थोडं ग्रीस एवढं बास आहे. शिलाई मशीनचं तेल खटक्यासाठी, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्रणेसाठी, उत्तम, पण नळीवर ते फार दिवस टिकत नाही, झडीत आठवड्याला पुन्हा लावावं लागतं. डब्ल्यूडी-40 हा डब्यातला फवारा पाणी हुसकायला चांगला, त्याचं मूळ कामच ते. पण तेवढ्यावर महिनाभर विसंबू नका, वरून खरं तेल लागतंच. रॉकेल घाण काढतं, राखण करत नाही. पेट्रोल वापरूच नका, आगीचा धोका आहे आणि धातू उघडा पडतो. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल नांगराच्या फाळाला ठीक, बंदुकीला नाही, त्यात काजळी आणि आम्लं असतात. खोबरेल, शेंगदाणा, करडई यांपैकी कोणतंही खाद्यतेल खटक्यात घालू नका. ते हवेने किंवा थंडीने घट्ट होऊन चिकटतं आणि घोडा अर्ध्यावर अडतो. जवसाचं तेल फक्त लाकडी दस्त्याला लावा, आणि त्याच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

कोणावरही विश्वास ठेवण्यापेक्षा माझी एक रीत करून पाहा. पाच-सहा लोखंडी खिळे घासून लख्ख करा, एकेकाला एकेक तेल चोळा, एक कोरडा ठेवा, आणि वळचणीला आठ दिवस टांगा. कोणती बाटली विकत घ्यायची ते खिळे सांगतील. एक खिळा बंदुकीच्या कपाटातही ठेवा. त्यावर लाली आली की नळी त्याच दिवशी पुसायची.

नेहमीची कामं:
- बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री, काडतुसं दुसऱ्या खोलीत
- नळी मागच्या बाजूने साफ करणे
- चिंधी पांढरी निघेपर्यंत बदलणे
- खटक्यात 2 ते 3 थेंब, जास्त नको
- हाताचा घाम लागलेली प्रत्येक जागा पुसणे
- किरकोळ गंजाला तेलात बुडवलेली बारीक स्टील वूल. पॉलिश पेपर नको
- नळीचं तोंड खाली करून ठेवणे, म्हणजे तेल दस्त्यात मुरत नाही
- वापरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढणे
- खोल गंज, हललेली बिजागरी: परवानाधारक कारागीर

भिजून आलात तर कितीही झोप आली असली तरी त्याच रात्री बंदूक उघडा, पुसा, चुलीपासून लांब पण कोरड्या जागी तासभर ठेवा, मग तेल लावा. खोळ उलटी करून वेगळी वाळत घाला. मका गेला तो या एका तासासाठी.

काडतुसं गोठ्यात किंवा खताच्या खोलीत ठेवू नका. जनावरांच्या मुतातून आणि ओल्या युरियातून अमोनिया सुटतो, आणि त्याने पितळेला भेगा पडतात. ब्रिटिश फौजेची तबेल्यात ठेवलेली काडतुसं हिंदुस्थानच्या पावसाळ्यात अशीच तडकायची. त्याचं कारण 1921 मध्ये शास्त्रज्ञांनी नीट मांडलं. तेलाचे हातही काडतुसाला लावू नका, टोपीत तेल मुरलं की बार फुसका जातो.

शेवटचं, आणि हे हात-पाय वाचवणारं आहे. बंदूक बरेच दिवस न वापरता पडून राहिली की कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते. त्यावर बार काढला तर नळी फाटते. दर वेळी बंदूक उघडून, रिकामी असल्याचं पाहून, नळी मागच्या बाजूने उजेडाकडे धरून आरपार बघा. ठासणीच्या बंदुकीत तसं दिसत नाही, म्हणून रिकाम्या नळीत गज किती आत जातो त्याची खूण गजावर करून ठेवा. नळीच्या तोंडापासून चेहरा बाजूला ठेवून दर वेळी गज घाला, आणि खूण जुळली नाही तर ती बंदूक त्या रात्री हातात घेऊ नका.