ट्रेनरवर हार्ट रेट मध्येच गायब होतो तेव्हा

पावसाची झड लागली की त्र्यंबक रोडला, गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या निम्म्या सायकली घरात येतात आणि ट्रेनरला, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडला, चढतात. मग मला फोन सुरू होतात, "ताई, हार्ट रेट जातोय, नवीन पट्टा घेऊ का?" २०१५ला आपल्या महाजन बंधूंनी अमेरिकेतली रॅम (रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, सायकलची शर्यत) पूर्ण केल्यापासून नाशकात ज्याला त्याला ट्रेनिंग झोन (हार्ट रेटचे ठरलेले टप्पे) हवेत, आणि झोन म्हटले की हार्ट रेट मोजणारा छातीचा पट्टा आलाच. दुकानात जायच्या आधी एवढंच बघा, की आकडा जातो तो कसा जातो. दोष तिथेच कळतो.

सुरुवातीलाच, पाय नीट फिरायच्या आत आकडा २००च्या वर उडतो आणि घाम आला की ताळ्यावर येतो? पट्टा कोरडा आहे. हृदयाचे विद्युत सिग्नल त्वचेवरून उचलायचे, तर मध्ये ओल हवी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की घाम फुटायलाच वेळ लागतो. त्यात समोरून पंखा आणि अंगात सैल पॉलिस्टरची जर्सी असली की ती पॉडवर (पट्ट्यावर टिचबटणांनी बसणारी सेन्सरची डबी) फडफडून स्टॅटिक तयार करते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला त्वचेला टेकणारे दोन्ही इलेक्ट्रोड पाण्याने चांगले ओले करा. मेडिकलमध्ये ईसीजीची जेल मिळते, ती जास्त टिकते. पंखा जरा बाजूला घ्या. बायकांनी पट्टा ब्राच्या इलॅस्टिकच्या लगेच खाली बांधावा. इलॅस्टिकच्या आत सरकवला तर वाकल्यावर तो वर ओढला जातो.

आकडा बरोबर चालू असतो, मध्येच रेघा येतात, काही सेकंदांनी परत तोच आकडा? इथे पट्ट्याला हात लावू नका, सिग्नल अडतोय. ब्लूटूथ आणि अँट प्लस (ANT+, सेन्सरसाठीचा ब्लूटूथसारखाच बिनतारी मार्ग) दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफायचा जुना बँड तोच, मायक्रोवेव्हही तिथेच. आमच्याकडे सासूबाईंनी दूध गरम करायला ठेवलं की माझं हृदय बंद पडायचं, म्हणजे स्क्रीनवर. शिवाय आपलं शरीर बरंचसं पाण्याचं, आणि पाणी हे सिग्नल पिऊन टाकतं. लॅपटॉप पाठीमागे टेबलावर असेल तर सिग्नलला तुम्हीच आडवे येताय. डोंगल (सिग्नल पकडणारी यूएसबीची कांडी) यूएसबी ३च्या पोर्टमध्ये थेट खोचला असेल तर तो पोर्टच याच २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतो. मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर आणा, डोंगल पुढच्या चाकाजवळ ठेवा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. बहुतेकांचं काम इथेच होतं.

सुरुवातीपासून पट्टा सापडतच नसेल तर तो आधीच कोणाला तरी चिकटलेला असतो, बहुधा तुमच्याच फोनला. जुने पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकालाच दाद देतात. फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा. अँट प्लसला ही भानगड नाही, ऐकणारे कितीही चालतात.

मनगटावरच्या घड्याळाची गोष्ट वेगळी. कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९० आणि हार्ट रेटही ९०च्या आसपास, पण तुम्हाला धाप लागलीये, तर घड्याळ तुमचे पाय मोजतंय. गळ्याजवळची नाडी १५ सेकंद मोजा, चारने गुणा, खरं काय ते कळेल. हँडल धरून मनगट वाकतं, सेन्सर उचलला जातो. घड्याळ हाडाच्या वर दोन बोटं, घट्ट बांधा.

पॉडमधला सेल बहुधा बटणासारखा, २०३२चा असतो, स्वस्त असतो, शंका आली की बदलून टाका. अ‍ॅपमधल्या बॅटरीच्या टक्क्यांवर जाऊ नका. या सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. राइड झाली की पॉड काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर राहिला तर त्याला वाटतं अंगावरच आहे, आणि रात्रभर सेल खातो.

पावसाळ्यात जास्त छळतात ती टिचबटणं. इंदिरानगरच्या एका काकांचा आकडा सीटवरून उठून पेडल मारलं की ११८वर गोठायचा. पॉड काढला तर बटणांभोवती हिरवट कड धरलेली. घामाचं मीठ, दुसरं काय. जुन्या टूथब्रशला थोडं स्पिरिट लावून घासलं, बटणं लखलखली, पण आकडा गोठायचा थांबेना. मग त्यांचा पॉड माझ्या पट्ट्यावर लावला, उभं राहून चालवायला सांगितलं. आकडा १४२, १४५, छान चढत गेला. म्हणजे पॉड ठणठणीत, पट्ट्याचं इलॅस्टिक गेलेलं. पट्टा ते रोज मशीनमध्ये कपड्यांबरोबर टाकत, वर फॅब्रिक कंडिशनर. हाताने, साध्या साबणाने धुवायचा, पिळायचा नाही, आणि पावसाळ्यात गॅलरीत न टाकता पंख्याखाली वाळवायचा.

कोणाचा तरी पट्टा मागून अशी अदलाबदल करून बघितल्याशिवाय पैसे घालू नका. नुसता पट्टा वेगळा मिळतो, पॉडसकट घ्यावा लागत नाही. फक्त घेताना दोन टिचबटणांमधलं अंतर आपल्या पॉडशी जुळतंय ना, ते पॉड सोबत नेऊन लावूनच बघा.