दाबाच्या हवेतील पाणी काढण्यासाठी रेफ्रिजरेटेड ड्रायर: निवड, जोडणी आणि निगा

पावसाळ्यात नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये पावडर कोटिंगच्या गनमधून हवेबरोबर पाणी येऊ लागले, तर दोष बहुधा गनचा नसतो. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. म्हणजेच १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवा घेणारा) कॉम्प्रेसर तासाला जवळपास ४ लिटर पाणी आत ओढतो. आफ्टरकूलरने, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या शीतकाने, हवा ४० अंशांपर्यंत थंड केली, तर ७ बार दाबाला त्यातले साधारण ३ लिटर पाणी तिथे आणि हवा साठवणाऱ्या रिसीव्हर टाकीत सुटते. उरलेले बाष्परूपात पुढे जाते. ते काढणे हे ड्रायरचे काम.

ड्रायर हवा सुमारे ३ अंशांपर्यंत थंड करतो, सुटलेले पाणी ड्रेनमधून बाहेर टाकतो आणि येणाऱ्या गरम हवेच्या उष्णतेने कोरडी हवा पुन्हा कोमट करतो, त्यामुळे पुढच्या पाइपला बाहेरून घाम येत नाही. याहून खाली गेल्यास आत बर्फ धरतो. उणे ४० अंशांचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) हवा असेल, तर बाष्प शोषणाऱ्या दाण्यांचा डेसिकंट ड्रायरच घ्यावा लागतो.

निवडीत सर्वाधिक चूक होते ती तापमानाची. कॅटलॉगमधील क्षमता अनेकदा आत येणारी हवा ३५ अंश आणि खोली २५ अंश धरून दिलेली असते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या शेडखाली, हे आकडे टिकत नाहीत. ३५ अंशांच्या संपृक्त (बाष्पाने पूर्ण भरलेल्या) हवेत घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम बाष्प असते, ४५ अंशांच्या हवेत ६५ ग्रॅम. म्हणून विक्रेत्याकडून दुरुस्ती-गुणक (तापमानानुसार क्षमता किती बदलते ते सांगणारे आकडे) लेखी मागावेत आणि कॉम्प्रेसरच्या सीएफएमवर नव्हे, तर उन्हाळ्यातील प्रत्यक्ष परिस्थितीवर ड्रायर ठरवावा.

जोडणी कॉम्प्रेसर, आफ्टरकूलर, रिसीव्हर, प्री-फिल्टर, ड्रायर आणि शेवटी तेल अडवणारा सूक्ष्म फिल्टर या क्रमाने करावी. प्री-फिल्टर वगळून पैसे वाचवू नयेत, कारण तेलाचा थर ड्रायरमधील हवा थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरवर बसला की तो काढणे फार कठीण असते. दुरुस्तीसाठी बायपासचे (ड्रायर टाळून हवा नेणाऱ्या मार्गाचे) व्हॉल्व्ह ठेवावेत, मात्र बायपास उघडा राहिलेला नाही, याची रोज खात्री करावी.

सकाळी ड्रायर आधी सुरू करून काही मिनिटांनी, तो थंड झाल्यावरच हवा सोडावी. बंद केल्यावर तो लगेच पुन्हा चालू करू नये. ड्रेन रोज हाताने तपासावा. तो तुंबला, तर उत्तम ड्रायरही पाणी पुढे ढकलतो. कंडेन्सरच्या जाळीवरील धूळ नियमित उडवावी. ड्रेनचे पाणी तेलकट असते, तेव्हा ते गटारात न सोडता तेल-पाणी विभाजकातून न्यावे. आपल्या वसाहतींचे नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात.

हिवाळ्यात निफाडसारख्या भागात पहाटेचा पारा कधीकधी ३ अंशांच्याही खाली जातो, म्हणजे ड्रायरमधून आलेल्या हवेतही पाइपमध्ये पुन्हा पाणी सुटू शकते. तिथे उघड्यावरून गेलेल्या पाइपला उतार द्यावा, सर्वांत खालच्या टोकाला ड्रेन ठेवावा आणि फाटे पाइपच्या वरच्या बाजूने काढावेत.