झडप किती वेगाने आवळतेय, हे दोन इको रिपोर्टांवरून कसं ओळखावं

इंदूरला मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इकडची आपली मराठी मंडळी बरीच येतात. एओर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या वाटेवरची झडप आवळणं, निघालं की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "ताई, हे असंच किती दिवस राहील?" याचं उत्तर एका रिपोर्टात नसतं. दोन रिपोर्ट लागतात, तेही एकाच पद्धतीने काढलेले. म्हणून जुना रिपोर्ट कधीही टाकू नका.

आधी पीक व्हेलॉसिटी, म्हणजे झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा सर्वांत जास्त वेग, शोधा. काही ठिकाणी तिला व्ही-मॅक्स लिहितात. झडप जितकी अरुंद, तितकं रक्त तिच्यातून जोरात जातं. सेकंदाला २ ते २.९ मीटर म्हणजे माइल्ड (सौम्य), ३ ते ३.९ मॉडरेट (मध्यम), ४ आणि वर सिव्हिअर (तीव्र). मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, ४० mmHg किंवा वर गेला की तोही सिव्हिअर.

आता नव्या व्हेलॉसिटीतून जुनी वजा करा आणि मधल्या वर्षांनी भागा. समजा दीड वर्षापूर्वी ३.१ होती आणि आज ३.७ आहे. फरक ०.६, भागिले १.५, म्हणजे वर्षाला ०.४. साधारण सरासरी वर्षाला ०.२ ते ०.३ असते, पण कुणाची वर्षानुवर्षं हलत नाही, तर कुणाची भराभर चढते. ०.३ किंवा जास्त वाढ दिसली की आम्ही आवळण्याचा वेग जास्त धरतो. वरच्या उदाहरणात याच वेगाने ४ गाठायला नऊ महिने लागतील. हा अंदाज झाला, तारीख नव्हे. तरी पुढचा इको वर्षभर लांबवायचा नाही, एवढं त्यावरून कळतं.

तीन-चार महिन्यांच्या अंतराने काढलेल्या रिपोर्टांवर मात्र हा हिशेब मांडू नका. ०.१-०.२ चा फरक नुसत्या मोजण्यात पडतो, आणि छोट्या काळाने भागलं की तोच फुगून दिसतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजलं कुठून यात. रक्ताची धार आणि प्रोब (छातीवर टेकवायचं उपकरण) एका रेषेत नसतील तर व्हेलॉसिटी कमीच येते. रामबागेतल्या एक काकू आल्या होत्या, जुन्या रिपोर्टात ३.४. नेहमीप्रमाणे डाव्या बाजूने, हृदयाच्या टोकाकडून मी मोजली तर ३.५ आली. मग त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगितला आणि छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला, वरच्या बरगड्यांच्या फटीत पेन्सिल प्रोब टेकवला. या प्रोबवर चित्र दिसत नाही, आवाज आणि आलेख एवढंच. जरा कलला की आवाज घोगरा, आणि धार नेमकी सापडली की बारीक, तीव्र शीळ. तिथे ४.२ आली. मुलगा घाबरला, एवढ्यात ०.८ वाढली? वाढली नव्हती. त्याच जागेवरून मोजलेलं जुनं ३.४ आणि नवं ३.५, खरा फरक तेवढाच. पण आजार सिव्हिअर आहे हे त्या उजव्या बाजूमुळेच कळलं. तेव्हा "उजवीकडूनही बघितलं का, आणि सर्वांत जास्त आकडा कुठून आला ते रिपोर्टात लिहाल का?" असं न संकोचता विचारा.

त्या वेळचं बीपीही लिहून घ्या. बीपी फार चढलेलं असेल तर ग्रेडियंट खरा असतो त्याहून कमी दिसू शकतो. उलट ताप किंवा रक्त कमी असेल तर व्हेलॉसिटी वाढीव येते. असे दोन दिवस एकमेकांशी ताडून काही हाती लागत नाही.

व्हॉल्व्ह एरियावरून, म्हणजे झडपेच्या उघड्या तोंडाच्या क्षेत्रफळावरून, आवळण्याचा वेग काढू नये, असं माझं ठाम मत आहे. तो काढताना झडपेखालच्या मार्गाचा व्यास मोजून त्याचा वर्ग करतात. एकाने १.९ सेंटीमीटर धरला आणि दुसऱ्याने २.१, की क्षेत्रफळात बावीस टक्के तफावत. झडप तीच, माणूस तोच.

दुसरी मोठी खूण कॅल्शियमची. रिपोर्टात झडप "हेविली कॅल्सिफाइड" म्हटली असेल, म्हणजे तिच्यावर कॅल्शियम बरंच साचलं असेल, तर सावध राहा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नाच्या अभ्यासात त्रास नसलेले, पण झडप सिव्हिअर झालेले रुग्ण होते. ज्यांच्या झडपेवर मध्यम ते जास्त कॅल्शियम होतं आणि व्हेलॉसिटी वर्षात ०.३ किंवा अधिक वाढली, त्यांतल्या ७९ टक्के रुग्णांचं दोन वर्षांत ऑपरेशन झालं किंवा ते दगावले. किडनीचा आजार, विशेषतः डायलिसिस, असेल तर वेग आणखी वाढतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीने झडपेचं आवळणं थांबत नाही, हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. हृदयाच्या इतर कारणासाठी दिली असेल तर ती आपली चालू ठेवा.

इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तेही बघायला विसरू नका. हृदयाचा जोर कमी झाला की झडप बिघडत असूनही व्हेलॉसिटी चढत नाही, आणि घरच्यांना वाटतं, स्थिर आहे. ते ५० टक्क्यांच्या खाली गेलं तर आकडे कितीही बरे दिसोत, डॉक्टरांशी लगेच बोला.

आणि काका "वय झालं" म्हणत जिने टाळायला लागले, राजवाड्याच्या बाजारात चालताना मध्येच उभे राहू लागले, छातीत दाटलं किंवा घेरी आली, तर पुढच्या इकोची वाट बघू नका. त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, बेशुद्ध पडले तर त्याच दिवशी, आणि सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्या.