टेप घेऊन चष्मेवाल्याकडे

लालबागला माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. चष्मा शाळेपासूनचा, दोन्ही डोळे मायनस पाच. पंचेचाळिशीत जवळचा दीड नंबर वाढला, तेव्हा चष्मेवाल्याने दाखवला तो महागातला प्रोग्रेसिव्ह मी मुकाट्याने घेतला आणि महिनाभर हनुवटी वर करून पिको केला. त्या काचेत वर लांबचं, खाली जवळचं. मधल्या अंतराची पट्टी अरुंद. माझी मशीनची सुई नेमकी त्या पट्टीत. दादरच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना पाय कुठे टाकायचा कळेना, ते वेगळंच.

म्हणून सांगते, नव्या काचा करायच्या आधी शिवणाचा टेप काढा. रोज ज्या कामाला बसता तसं बसा आणि डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला मोजायला लावा. माझी सुई 18 इंचांवर, मोबाईल 14 वर. हे आकडे नंबर तपासतानाच सांगायचे, कारण जवळचा नंबर साधारण 16 इंचांवर वाचायला देऊन काढतात. दुकानात मी आता सुईच्या अंतराची, एकाच नंबराची साधी काच वापरते. माझी मायनस पावणेचार निघाली. प्रोग्रेसिव्ह बाहेर जायला.

फ्रेम काचेच्या आधी ठरवा. दांडीच्या आत 50-18 असं काहीतरी छापलेलं असतं. बेरीज 68. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, माझं 62. ही दोन मापं जितकी जवळ, तितकी मायनसची काच बाहेरच्या कडेला पातळ. लेकीने पसंत केलेल्या मोठ्या चौकोनी फ्रेममध्ये माझी काच सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी दिसली असती. छोट्या फ्रेममध्ये 1.6 इंडेक्स (हा आकडा जितका मोठा, तितकी काच पातळ) मला पुरतो, 1.74 चे पैसे वाचले.

पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची काच सहसा फुटत नाही, मुलांना तेच द्या. पण त्याचा अॅबे नंबर 30 च्या आसपास, साध्या 1.5 च्या काचेचा 58. हा आकडा कमी असला की काचेच्या कडेतून बघताना वस्तूंना रंगीत किनार दिसते. काळ्या साडीवर काळा दोरा शोधणाऱ्या बाईला ती कशाला हवी?

ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच, हमखास गळ्यात मारतात. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2023 साली 17 चाचण्या तपासल्या. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो असं काही हाती लागलं नाही. वर काचेला पिवळट झाक. मोतिया साडीला पांढरा फॉल लागला तर गिऱ्हाईक माझ्या चष्म्याचं कौतुक ऐकून घेणार आहे का? अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग मात्र घ्याच, पाठीमागची ट्यूबलाइट काचेत चमकत नाही. ते टिकवायचं तर आधी पाण्याखाली धरा, मग मऊ कापड. घामट चष्मा पदराने पुसून मी एक जोडी घालवली आहे.

चष्मा मिळाला की दुकानातच टेप लावून तुमच्या मोजलेल्या अंतरावर बारीक अक्षर वाचून बघा, मग पैसे द्या.

सुईत दोरा मी अजून चष्मा काढूनच ओवते. मायनस पाचवाल्याला वीस सेंटिमीटरवर नुसत्या डोळ्यांनी लख्ख दिसतं.